कर्ज कुणाचे आणि दारात आलेला माणूस कुणाचा?

उत्तर नागपुरातील एका वस्तीत गेल्या पावसाळ्यात घडलेली ही गोष्ट आहे. आमच्या परिचयाच्या एका भगिनीने शिलाई यंत्रासाठी एका वित्तसंस्थेकडून गटकर्ज घेतले होते. पंधरवड्याचा हप्ता १,१५० रुपये. वसुलीसाठी येणारा तरुण वर्षभर तोच असल्याने साऱ्या गल्लीला ओळखीचा झाला होता. गळ्यात कंपनीचे ओळखपत्र, पाठीवर कंपनीच्या नावाची पिशवी आणि बोलण्यात आदब. जून-जुलैत त्याने सलग तीन हप्ते रोख नेले. पहिल्याची सही कार्डावर केली. पुढच्या दोन वेळी, "यंत्र बिघडलंय ताई, पुढल्या खेपेला एकदम सह्या करून देतो," असे म्हणून निघून गेला. त्यानंतर दुसराच माणूस यादी घेऊन आला आणि तीन हप्ते थकल्याचे सांगू लागला. पहिला तरुण दीड महिन्यापूर्वीच नोकरी सोडून गेला होता, हे या भगिनीला त्या दिवशी प्रथम कळले.

"भाऊ, मी पैसे तुमच्याच माणसाला दिले ना?" हा तिचा प्रश्न होता. "तो आमचा माणूस नव्हताच," हे तिला मिळालेले उत्तर होते.

या दोन वाक्यांच्या मधल्या जागेविषयी आम्ही आज लिहीत आहोत. कर्ज देणारी संस्था आणि कर्ज घेणारे कुटुंब यांची समोरासमोर गाठ आता क्वचितच पडते. मध्ये कुणीतरी असतो. कर्ज मिळवून देणारा दलाल असतो, बँकेचा व्यवसाय प्रतिनिधी असतो, मोबाइलमधील ॲप असते, वसुली संस्थेचा माणूस असतो. हा मधला माणूस कुणी नेमावा, कोणत्या कागदाने नेमावा, त्याची नेमणूक कर्जदाराला कशी कळावी आणि त्याने केलेल्या चुकीचे उत्तर कुणी द्यावे, हे कर्जविषयक कायद्यातले फार महत्त्वाचे प्रश्न आहेत. त्यांची चर्चा मात्र क्वचितच होते. वर्तमानपत्रांतून व्याजाच्या दराविषयी भरपूर लिहिले जाते, माणसाच्या अधिकाराविषयी जवळजवळ काहीच नाही.

पूर्वी हा प्रश्न सोपा होता, असे वाटण्याचा संभव आहे. गावात सावकार एक, त्याचा मुनीम एक, आणि दोघांनाही गाव ओळखत असे. परंतु तेव्हाही कर्जदाराला न कळणारी एक वस्तू मध्ये होतीच, ती म्हणजे सावकाराची वही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला, तेव्हा जमावाचा राग मुख्यतः या कागदांवर होता. गहाणखते आणि वह्या हिसकावून जाळल्या गेल्या. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. आमचे नागपूर त्या काळी मध्य प्रांतात होते आणि येथील वाट वेगळी होती. मध्य प्रांताने १९३४ साली स्वतंत्र सावकारी कायदा केला. हिशेब ठेवावा आणि तो ऋणकोला द्यावा, हा त्यातील मुख्य आग्रह होता. मुंबई प्रांताने १९४६ साली परवान्याची पद्धत घालणारा कायदा केला आणि पुढे तोच विदर्भालाही लागू झाला. आज महाराष्ट्रात त्याची जागा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाने घेतली आहे.

हा कायदा सहकार खात्याकडे आहे. परवान्यासाठी अर्ज करताना व्यवसाय कोणत्या नावाने चालणार आणि त्याच्या व्यवस्थेची जबाबदारी कोणत्या व्यक्तीवर राहणार, हे लिहून द्यावे लागते. परवाना विशिष्ट क्षेत्रापुरता असतो. कर्ज दिल्यावर त्याचा तपशील कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यावा लागतो, मिळालेल्या पैशाची पावती द्यावी लागते, आणि रकमेची जागा कोरी ठेवून सही घेणे हा गुन्हा आहे. शासनाने २०१४ साली व्याजाचे कमाल दर ठरवले, ते असे : शेतकऱ्याला तारणी कर्जावर वर्षाला ९ टक्के व विनातारण १२ टक्के, इतरांना अनुक्रमे १५ व १८ टक्के. मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येत नाही, हा आपल्याकडील जुना दामदुपटीचा नियमही त्यात आहे. विनापरवाना सावकारी करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

या कायद्यात आणखी एक तरतूद आहे, तिच्याकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. वसुलीसाठी कर्जदाराला त्रास देणे हा जसा गुन्हा आहे, तसाच त्या त्रासाला साहाय्य करणे हाही गुन्हा आहे. कर्जदाराच्या पाठोपाठ जागोजागी फिरणे, त्याच्या घराजवळ किंवा कामाच्या ठिकाणाजवळ घुटमळत राहणे, त्याच्या वस्तूंना हात लावणे हे सारे या त्रासात येते. म्हणजे सावकाराने स्वतः न जाता दोन धटिंगण पाठवले, तरी 'मी तर घरीच होतो' हे उत्तर त्याला पुरत नाही. माणूस पाठवणारा आणि आलेला माणूस, दोघेही कायद्याच्या कक्षेत येतात. तरीही २०२५ च्या डिसेंबरात चंद्रपूर जिल्ह्यातून अशी बातमी आली, की सावकारांच्या तगाद्यापायी एका शेतकऱ्याने परदेशात जाऊन आपले मूत्रपिंड विकले. त्या तक्रारीवरून पोलिसांनी अटकाही केल्या. कायदा झाल्यानंतर अकरा वर्षांनी ही बातमी वाचताना आमची मान खाली गेली.

परवान्याचे क्षेत्र ही कोरडी तांत्रिक बाब वाटेल. पण विदर्भातील शेतकऱ्यांनी तिची किंमत मोजली आहे. नागपूरच्या २०१४ च्या हिवाळी अधिवेशनात राज्य शासनाने विदर्भ व मराठवाड्यातील शेतकऱ्यांची परवानाधारक सावकारांकडील कर्जे माफ करण्याचे जाहीर केले आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये तसा निर्णय काढला. सावकाराचे पैसे शासन भरणार आणि गहाण दागिना शेतकऱ्याला परत मिळणार, अशी ही योजना होती. अर्जांची छाननी सुरू झाली तेव्हा दिसून आले, की पुष्कळ कर्जे सावकाराने आपल्या परवान्याच्या क्षेत्राबाहेरील गावांत दिली आहेत. सावकाराने तेथे कर्ज द्यायलाच नको होते. नियम मोडला सावकाराने आणि माफीच्या यादीतून नाव गेले शेतकऱ्याचे. तालुक्याच्या बाजारात सोने गहाण ठेवायला गेलेल्या बाईने परवान्यावरील गावांची यादी वाचून मगच पेढीची पायरी चढावी, अशी ही अपेक्षा होती. पुढे शासनाला ही अट शिथिल करावी लागली, परंतु तोवर काही वर्षे निघून गेली होती.

कायदा कागदावर असताना अधिकाराचा कसा उपयोग होतो, याचे दुसरे उदाहरणही विदर्भातलेच आहे. बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव भागात एका सावकारी कुटुंबाविरुद्धच्या तक्रारीबाबत तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयातून यंत्रणेला सूचना गेली. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि १४ डिसेंबर २०१० रोजी न्यायालयाने अत्यंत कडक शब्दांत ताशेरे ओढून राज्य शासनाला दहा लाख रुपये खर्चापोटी भरण्यास सांगितले. सामान्य माणसाची तक्रार नोंदवून घेण्याचा अधिकार ज्याचा आहे, तोही कुणाच्या तरी दूरध्वनीने बांधला जातो, हे त्या निकालातून उघड झाले.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. आमच्या या भगिनीला अनेकांनी सल्ला दिला, की सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे जा, सावकारी कायद्याखाली तक्रार कर. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण वाट चुकीची होती. बँका, सहकारी संस्था आणि रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्तसंस्था या राज्याच्या सावकारी कायद्यातून वगळलेल्या आहेत. केरळ आणि गुजरात येथील सावकारी कायदे अशा नोंदणीकृत वित्तसंस्थांना लागू होणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे समोरचा माणूस खासगी सावकाराचा आहे की वित्तसंस्थेचा, हे आधी ओळखावे लागते. त्यावर तक्रारीचे दार ठरते. आमच्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबे येथेच अडखळतात. एका दारावरून दुसऱ्या दारावर फिरण्यात महिने जातात आणि तेवढ्यात हप्ते चढत राहतात.

वित्तसंस्थांच्या माणसांविषयीचे नियम रिझर्व्ह बँक करते आणि ते टप्प्याटप्प्याने आले आहेत. २५ जानेवारी २००६ रोजी तिने बँकांना व्यवसाय प्रतिनिधी नेमण्याची मुभा दिली. खेड्यात शाखा काढणे परवडत नाही, तर स्थानिक संस्थेमार्फत बँकेचे काम चालवावे, असा तो विचार होता. प्रथम सेवाभावी संस्था व टपाल कार्यालये, पुढे निवृत्त बँक कर्मचारी व माजी सैनिक, त्यानंतर किराणा दुकानदार आणि २०१० पासून नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्या, असा या यादीचा विस्तार होत गेला. प्रतिनिधीने केलेल्या किंवा करायचे राहून गेलेल्या कृत्यांची जबाबदारी बँकेचीच राहील, हे तत्त्व सुरुवातीपासून आहे. तत्त्व चांगले आहे. ते कर्जदाराला कुणी सांगितले, हा प्रश्न वेगळा.

वसुलीच्या माणसांबाबत वातावरण तापले ते २००७ मध्ये. बँकांनी वाहने ओढून नेण्यासाठी गुंड वापरल्याच्या तक्रारी देशभर होत्या. प्रकाश कौर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षीच्या फेब्रुवारीत बजावले, की वसुली कायद्याच्या मार्गानेच झाली पाहिजे, दंडेलीने नव्हे. पाठोपाठ २४ एप्रिल २००८ रोजी रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक आले. वसुलीचे काम कोणत्या संस्थेकडे दिले आहे हे बँकेने कर्जदाराला आधी कळवावे, वसुलीला येणाऱ्याजवळ त्या सूचनेची प्रत, बँकेचे अधिकारपत्र आणि ओळखपत्र असावे, असे त्यात म्हटले आहे. नुसते ओळखपत्र पुरेसे नाही, हे येथे लक्षात घ्यावे. वसुली प्रतिनिधीसाठी १०० तासांचे प्रशिक्षण आणि परीक्षाही ठरवण्यात आली; पदवीधराला ५० तास पुरतात. १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने सकाळी ८ पूर्वी आणि सायंकाळी ७ नंतर वसुलीचे दूरध्वनी करण्यास मनाई केली. त्याच वर्षी सप्टेंबरात झारखंडमधील हजारीबाग येथे ट्रॅक्टर जप्त करायला आलेल्यांच्या चाकाखाली एक गर्भवती तरुणी मरण पावली, तेव्हा रिझर्व्ह बँकेने संबंधित वित्तसंस्थेला बाहेरच्या माणसांकरवी वसुली व जप्ती करण्यास काही महिने बंदी घातली. अशी कारवाई विरळाच. एरवी असे प्रकार पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीतच विरून जातात.

सूक्ष्म कर्जांसाठी, म्हणजे वार्षिक तीन लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना दिलेल्या विनातारण कर्जांसाठी, १४ मार्च २०२२ चे निर्देश आहेत. ते आणखी कडक आहेत. वेळ सकाळी ९ ते सायंकाळी ६. वसुली उभयतांनी ठरवलेल्या ठिकाणी व्हावी. कर्जदार लागोपाठ दोन वेळा तेथे आला नाही तरच घरी किंवा कामावर जाता येते. प्रत्येक कर्जदाराला त्याच्या भाषेत कर्जपत्रिका द्यावी आणि मिळालेल्या प्रत्येक हप्त्याची पोच त्या पत्रिकेवर द्यावी. आपल्या नोकराच्या आणि बाहेरच्या संस्थेच्या माणसाच्या गैरवर्तनाला कर्ज देणारी संस्थाच उत्तरदायी आहे. आमच्या भगिनीच्या हातात जे कार्ड होते, ते ही पत्रिकाच होय. त्यावरील दोन कोऱ्या चौकटी हा सगळ्या वादाचा गाभा आहे. (२०२५ च्या नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेने आपली हजारो परिपत्रके संस्थांच्या प्रकारांनुसार एकत्र बांधून नव्याने काढली. त्यामुळे जुने क्रमांक शोधत बसण्याचे कारण नाही.)

या साखळीत एक दुवा असा आहे, की त्याचे नाव कोणत्याही परिपत्रकात सापडत नाही, आणि आमच्या मते सर्वाधिक अन्याय त्याच दुव्यावर होतो. हा दुवा म्हणजे गटाची प्रमुख बाई. दहा-पंधरा जणींचा गट असतो. वसुलीचा माणूस घाईत असतो; त्याला एका दिवसात सात-आठ केंद्रे करायची असतात. मग तो प्रमुख बाईला सांगतो, "ताई, तुम्ही आधीच गोळा करून ठेवा." ती गोळा करते. कुणाचे शंभर रुपये कमी पडले तर स्वतःच्या डब्यातून घालते. नवी सभासद आणून देते, तिच्या घरची माहिती सांगते, कोण बाहेरगावी गेले याची खबर ठेवते. प्रतिनिधीचे प्रत्येक काम ती करते. मात्र तिला नेमणुकीचा कागद नाही, मोबदला नाही, प्रशिक्षण नाही आणि रोख रकमेला संरक्षण नाही. वसुली झाली की ती संस्थेची कामगिरी ठरते. फसली की 'तुमच्या गटाचा आपसातला प्रश्न' होऊन बसतो. आमच्या भगिनीचे तीन हप्ते थकलेले दिसताच नव्या माणसाने गटाला सांगितले, की तुम्ही सगळ्या मिळून भरा, नाहीतर पुढचे कर्ज कुणालाच मिळणार नाही. बायकांनी भरले. ज्या दोघी रविवारी मिस्साला एकाच बाकावर बसत, त्या दोन महिने एकमेकींशी बोलल्या नाहीत. प्रमुख बाईने तर "मी चोरी केली असं लोक म्हणतात" असे म्हणत गट सोडून दिला. संस्थेच्या हिशेबात मात्र त्या केंद्राची वसुली पूर्ण झाली.

आपल्या समाजाला हे सगळे परके नाही. रांचीकडे येशूसंघीय फादर हॉफमन यांनी १९०९ साली आदिवासी शेतकऱ्यांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी छोटानागपूर कॅथॉलिक सहकारी पतसंस्था उभी केली. १९१८ साली वसईत बॅसिन कॅथॉलिक बँकेचा पाया घातला गेला. तेथे पैसे घेणारा चिटणीस सभासदांनीच निवडलेला असे आणि वर्षातून एकदा त्याला सर्वांसमोर हिशेब द्यावा लागे. तेथेही घोटाळे होऊ शकत होते, आणि सहकारातले घोटाळे महाराष्ट्राला सांगायला नकोत. परंतु 'हा माणूस आमचा नव्हताच' असे तेथे कुणाला म्हणता आले नसते.

दुसऱ्या टोकाला मोबाइलचे जग आहे. तेथे माणसाचा चेहराही दिसत नाही. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने २०२१ च्या सुरुवातीच्या दोन महिन्यांत भारतात उपलब्ध असलेली कर्ज देणारी ॲप तपासली. ती सुमारे १,१०० निघाली आणि त्यांपैकी ६०० बेकायदेशीर होती. टाळेबंदीत काम गेलेल्या तरुणांनी पाच-दहा हजारांसाठी या ॲपवर आपले छायाचित्र, आधार क्रमांक आणि मोबाइलमधील सर्व संपर्क देऊन टाकले होते. नंतर धमक्या आल्या त्या आई-वडिलांना, शिक्षकांना, होणाऱ्या सासरच्यांना. २ सप्टेंबर २०२२ रोजी डिजिटल कर्जाची मार्गदर्शक तत्त्वे आली आणि ८ मे २०२५ रोजी ती अधिक तपशिलाने निर्देशांच्या रूपात निघाली. त्यांचा रोख मधल्या दलालावरच आहे. ॲप चालवणारी कंपनी ही कर्जसेवा पुरवणारी मानली जाते. कर्ज मात्र नोंदणीकृत बँकेचे किंवा वित्तसंस्थेचेच असले पाहिजे. पैसे धनकोच्या खात्यातून थेट ऋणकोच्या खात्यात जावेत आणि परतफेडही तशीच व्हावी. दलालाचे शुल्क संस्थेने द्यावे, कर्जदाराकडून घेऊ नये. कर्ज घेतल्यावर निदान एक दिवस तरी दंड न भरता ते परत करण्याची मुभा असावी. वसुलीला नवा माणूस नेमला, तर तो कर्जदाराशी संपर्क साधण्यापूर्वी त्याचा तपशील संदेशाने कळवावा. थकलेल्या कर्जापोटी रोख रक्कम घेतली, तर ती त्याच दिवशी खात्यात दिसावी. जुलै २०२५ पासून अशा ॲपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर पाहता येते. ती यादी संस्थांनी स्वतः दिलेल्या माहितीवरून बनते, हे मात्र ध्यानात ठेवावे.

इतके नियम असूनही आमच्या भगिनीला दारात उभे राहून 'हा माणूस आजही कंपनीचा आहे का' हे तपासता आले असते काय? नाही. अडचण येथेच आहे. ऑस्ट्रेलियात २००९ साली राष्ट्रीय ग्राहक कर्ज संरक्षण कायदा झाला. तेथे कर्जव्यवहाराचा परवाना असलेली संस्था आपला प्रतिनिधी नेमू शकते, परंतु नेमणूक लेखी करावी लागते, १५ कामकाजी दिवसांत नियामकाला कळवावी लागते आणि त्या प्रतिनिधीचे नाव सार्वजनिक नोंदवहीत चढते. नेमणूक संपली तरी कळवावे लागते. मेलबर्नला राहणाऱ्या मराठी कुटुंबाला घरासाठी कर्ज मिळवून देणारा दलाल खरा की खोटा, हे त्या नोंदवहीत नाव शोधून कळू शकते. ब्रिटनमध्येही 'नियुक्त प्रतिनिधी' ही पद्धत आहे आणि प्रतिनिधीची जबाबदारी मुख्य संस्थेने स्वीकारावी लागते. ऑस्ट्रेलियातील नागरिक साक्षर, आपले निरक्षर, म्हणून ते येथे चालणार नाही, हा युक्तिवाद आम्हाला मान्य नाही. आमच्या वस्तीतील भाजीवाली क्यूआर कोडवर पैसे आले की नाही, हे आवाज ऐकून क्षणात तपासते.

आपल्याकडे काय आहे? संस्थेने आपल्या वसुली संस्थांची यादी आपल्या संकेतस्थळावर ठेवावी, असा नियम आहे. अशा याद्या शेकडो संकेतस्थळांवर विखुरलेल्या असतात आणि बहुधा इंग्रजीत असतात. त्यांत वसुली कंपनीचे नाव असते. दारात आलेल्या तरुणाचे नसते. तो तरुण गेल्या महिन्यात काम सोडून गेला, हे तर कुठेच नसते. आमचे स्पष्ट मत असे, की अधिकारपत्राला क्रमांक असावा, तो क्रमांक एका ठिकाणी नोंदलेला असावा, आणि साध्या दूरध्वनीवरून मराठीत विचारल्यास 'चालू आहे' किंवा 'रद्द झाला आहे' एवढे उत्तर मिळावे. कर्नाटक शासनाने २०२५ च्या फेब्रुवारीत सूक्ष्म कर्जाच्या जबरी वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला आणि दहा वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली. बेळगावकडील आपल्या बांधवांना त्याचा अनुभव येत असेलच. शिक्षा वाढवण्याला आमचा विरोध नाही. पण माणूस कुणाचा हेच सिद्ध होत नसेल, तर दहा वर्षे कुणाला देणार?

तोवर उपयोगी पडेल असा एक जुना कायदा आपल्याकडे आहे आणि तो दीडशे वर्षांचा आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात अभिकर्त्याविषयी, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम करणाऱ्याविषयी, एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातील कलम २०८ सांगते, की अभिकर्त्याचा अधिकार संपला, तरी तिऱ्हाईताच्या दृष्टीने तो तेव्हाच संपतो, जेव्हा ही गोष्ट त्या तिऱ्हाईताला कळते. कलम २३७ नुसार, मालकाने आपल्या शब्दांनी किंवा वागण्याने लोकांचा असा समज करून दिला असेल की हे काम अभिकर्त्याच्या अधिकारातले आहे, तर त्या कामाने मालक बांधला जातो. वर्षभर कंपनीचे ओळखपत्र घालून एक तरुण गल्लीत येतो, कंपनी ते ओळखपत्र परत घेत नाही, तो गेल्याचे गटाला कळवत नाही, आणि मग 'तो आमचा नव्हताच' म्हणते. कलम २०८ वाचल्यावर हे उत्तर टिकणे कठीण आहे. अर्थात पैसे दिले हे दाखवण्याचा भार कर्जदारावर राहतोच, आणि तेथे कोरी चौकट आडवी येते.

यात आणखी एक बाजू आहे आणि ती सांगितल्यावाचून हा विषय अपुरा राहील. वसुलीला येणारे तरुण आकाशातून पडत नाहीत. त्यांतले काही आपल्याच धर्मग्रामांतले आहेत. बारावी झाली, दुचाकी आहे, बोलता येते, एवढ्यावर नोकरी मिळते. महिन्याचे लक्ष्य पूर्ण झाले नाही तर पगार कापला जातो. कुणाला प्रशिक्षण मिळालेले असते, कुणाला दोन दिवस जुन्या माणसामागे फिरवून तिसऱ्या दिवशी यादी हातात दिलेली असते. अशा एका तरुणाने आम्हाला सांगितले, की त्याच्याजवळ ओळखपत्र होते, पण अधिकारपत्र त्याने कधी पाहिले नाही आणि ते मागायचे असते हे त्याला ठाऊकही नव्हते. पोलिसात तक्रार झाली, तर पहिले नाव त्याचे जाते. म्हणून हा कागद कर्जदाराइतकाच त्याच्याही संरक्षणाचा आहे. नोकरी लागली की पहिल्या दिवशी तो मागून घ्यावा आणि सोडताना ओळखपत्र परत केल्याची पोच घ्यावी. आई-वडिलांनी मुलाला हे जरूर सांगावे.

आमच्या भगिनीने अखेर काय केले? धर्मग्रामातील एका निवृत्त बँक अधिकाऱ्याच्या मदतीने तिने संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मराठीतच पत्र लिहिले. कार्डाची छायाप्रत जोडली. तो तरुण कोणत्या तारखेला काम सोडून गेला, ते गटाला कधी व कसे कळवले आणि त्याचे ओळखपत्र कधी परत घेतले, हे तीन प्रश्न विचारले. कलम २०८ चा उल्लेख केला. शेजारच्या दोन बायकांनी, आपल्यासमोर पैसे दिले गेले, असे सही करून लिहून दिले. त्यांतली एक तीच होती, जी दोन महिने बोलत नव्हती. ३० दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते, ही नोंदही पत्राच्या शेवटी होती. (त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते. ॲपवरून फसवणूक किंवा धमकी झाली असेल, तर आधी १९३० वर कळवावे.)

पंचविसाव्या दिवशी संस्थेचे उत्तर आले. सही असलेला हप्ता जमा धरण्यात आला. कोऱ्या चौकटींच्या दोन हप्त्यांबाबत 'अंतर्गत चौकशी सुरू आहे' असे त्यात लिहिले होते. ओळखपत्र कधी परत घेतले, या प्रश्नाला उत्तर नव्हते. लोकपालाकडे अर्ज गेला आहे. २,३०० रुपयांचा प्रश्न आहे. ती म्हणते, एवढे पैसे मिळवायला तिला पंचवीस ब्लाउज शिवावे लागतात.